सहादेवाच्या कमरेचा टॉवेल

मला ठाऊक न्हाई, एवढं एक वाक्य सहादेवाच्या तोंडून कुणी ऐकलं असेल, तर त्यानं माझ्या दुकानात यावं. मी त्याला फुकट सदरा शिवून देईन, कापडसुद्धा माझंच. मी भिमाजी शिंपी. भिंगारात लष्कराच्या कॅम्पाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं मशीन, आणि मशीनसमोरच्या बाकावर सहादेवाची बैठक. सकाळचं दूध घालून आला की तो तिथं बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला शहाणपण वाटायचा.

एकदा एक घोंगडीवाला राजूरच्या बाजाराला निघाला होता. त्यानं सहज विचारलं, तर हा सांगतोय, "अकोल्यातनं सरळ जायचं, मंग वडाखालून डावीकडं. ओढा वलांडला की राजूर." तो बिचारा गेल्यावर मी विचारलं, "लेका, तू कधी गेल्तास राजूरला?" म्हणाला, "जायला कशाला पायजे? बाजाराचं गाव म्हनलं की वड आन् ओढा असनारच." काय बोलायचं अशा माणसाला!

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मी हे सांगत बसलो नसतो. कुणाकडं मयत झालं की लाकडं फोडायला हा पहिला, लग्न असलं की पंगतीत वाढायला हा पहिला. पण एखादी गोष्ट आपल्याला कळली नाही, हे कबूल करायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. कॅम्पातल्या गोऱ्यांच्या मेसमध्ये तो दूध घालायचा. तिथला साहेब इंग्रजीत काहीबाही बोलायचा आणि सहादेव टाचा जुळवून "यस सर" म्हणायचा. एकदा साहेब चिडून म्हणाला, तुझ्या दुधात पाणी आहे, उद्यापासून येऊ नकोस. हा म्हणाला, यस सर, आणि दुसऱ्या दिवशी दुधाची कासंडी घेऊन पुन्हा दारात हजर. साहेबालाच हसू आलं, त्यानं दूध ठेवून घेतलं. हे आम्हाला अलीमनं सांगितलं. अलीम त्या मेसमध्ये बटलर होता, आणि आमच्यात खरं इंग्रजी येणारा तेवढा तोच.

सहादेवाचा जिवाभावाचा माणूस म्हणजे लालमहंमद. दोघं एका तालमीत वाढले, एका मातीत लोळले. लालमहंमद पुढं कॅम्पाच्या वर्कशॉपात रणगाड्यांच्या कामावर हेल्पर म्हणून लागला, सहादेव म्हशी पाळू लागला, पण जोडी काही फुटली नाही. एकाला जेवायला बोलावलं की दुसऱ्याचं ताट न सांगता मांडावं लागायचं. लालमहंमदची बायको मुबारकबी ईदला शिरखुर्म्याचा पहिला डबा सहादेवाकडं पाठवायची आणि मग घरच्यांना वाढायची.

बॉक्सिंगचं वेड आम्हाला दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईनं लावलं. लढाईमुळं कॅम्पात गोऱ्यांच्या पलटणी यायच्या, जायच्या, आणि त्यांच्या आपापसांत ठोशांच्या लढती व्हायच्या. मैदानावर फळ्यांचा चौथरा, चारी बाजूंनी दोर, आणि आम्ही भिंगारकर कुंपणाच्या बाहेर उभे. पहिली लढत बघितली तेव्हा मी म्हणालो, हे काय, ना डाव, ना पेच, नुसती हाणामारी! पण दोन-चार बघितल्या आणि चस्का लागला तो लागलाच. माझ्या बाकावरची कुस्ती मागं पडली. कोण डावखुरा, कुणाचा दम लवकर सुटतो, कुणाचं नाक कच्चं, सगळं आम्हाला तोंडपाठ. नियम मात्र आम्ही आमच्या अकलेनं लावलेले होते.

एकदा एका टॉमीच्या, म्हणजे गोऱ्या शिपायाच्या, कोपऱ्यातून टॉवेल उडाला आणि आत जाऊन पडला. लढत तिथंच थांबली. आम्ही म्हणालो, जिंकला वाटतं त्याचा गडी. कारण आमच्याकडं रीतच ती. आपल्या पैलवानानं समोरच्याला चीत केलं की फेटे, टोप्या, उपरणी, हाताला लागेल ते हवेत उडतं. माझे स्वतःचे दोन चांगले पटके तसे गेलेत, पुन्हा दिसले नाहीत. पण त्या दिवशी पंचानं हात वर केला तो दुसऱ्याचाच. आम्ही बुचकळ्यात पडलो. तेव्हा सहादेवानं खुलासा केला, "आरं, लढत संपायच्या आधीच टॉवेल उडवला त्यानं. लई घाई केली. म्हनून पंचानं दंड केला." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं ठासून सांगितल्यावर कोण कशाला शंका घेईल?

त्रेचाळीस सालच्या थंडीत कॅम्पात मोठ्या लढती ठरल्या. वर्कशॉपात लाल मिशांचा एक सार्जंट होता, त्यानं लालमहंमदचे खांदे बघून त्याला हेरला होता आणि हातमोजे चढवून चांगला तयार केला होता. त्याला एका टॉमीविरुद्ध उतरवायचं ठरलं. भिंगारात दिवाळी आल्यासारखं झालं. त्याची हिरवी चड्डी मी शिवली, दुहेरी शिवण घालून. सार्जंट त्याला म्हणाला, कोपऱ्यात तुझ्या भरवशाचा माणूस घे. लालमहंमदनं क्षणभर विचार न करता सहादेवाचं नाव सांगितलं.

लढतीच्या आधी सार्जंटनं सहादेवाला बाजूला घेतलं. हातात बादली, स्पंज, स्टूल आणि एक पांढरा टॉवेल दिला आणि बराच वेळ काहीतरी समजावलं. टॉवेल हवेत हलवून दाखवला, दोराकडं बोट केलं. सहादेव प्रत्येक वाक्याला यस सर, यस सर. लालमहंमद पलीकडं हातांना पट्ट्या बांधून घेत होता. त्याला वर्कशॉपात राहून कामापुरतं इंग्रजी कळायला लागलं होतं. आणि अलीम मेसमध्ये, नाहीतर त्याला मध्ये घातला असता. सहादेव कुंपणाजवळ आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हनतोय रं त्यो?"

"घाम पुसायचा, वारा घालायचा. दुसरं काय असतंय?" असं म्हणून त्यानं टॉवेल ऐटीत खांद्यावर टाकला.

सुरुवात लालमहंमदच्या बाजूनं झाली. डावा, डावा, आणि मग उजवा असा घालायचा की टॉमीची मान मागं जायची. आम्ही कुंपण हलवून हलवून ओरडत होतो. मग टॉमीचा एक ठोसा त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला आणि सगळं फिरलं. डोळा मिटला. त्या बाजूनं येणारं त्याला दिसेना, आणि टॉमी त्याच बाजूनं येत राहिला. फेरी संपली की सहादेव रक्त पुसायचा, वारा घालायचा, कानात "उभा ऱ्हा लाल्या, उभा ऱ्हा" म्हणायचा आणि पुन्हा पाठवायचा. पंच कुणी नवखा अधिकारी होता, तो बघतोय आणि बघतोयच.

तेवढ्यात सार्जंट दोरापाशी धावत आला आणि सहादेवावर ओरडू लागला. हातानं खूण करत होता, टाक, आत टाक. आम्हाला बाहेरून दिसत होतं. सहादेवानं सार्जंटकडं बघितलं, मान ताठ केली, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि कमरेला गुंडाळून गच्च गाठ मारली. वर आणखी एक गाठ. आम्ही कुंपणाबाहेर टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी बाकावर बसून तो मला म्हणाला, "गोऱ्याचा कावा बघ भिमाजी! त्यांचा गडी वरचढ झाला, तर मला सांगतोय टॉवेल उडव. म्या उडवीन व्हय? माझा लाल्या उभा हुता की!"

आणि लालमहंमद उभा राहिला, अगदी शेवटपर्यंत. हरला, पण खाली पडला नाही. गोऱ्या शिपायांनीसुद्धा उठून टाळ्या दिल्या. सार्जंट मात्र सहादेवाच्या अंगावर धावून गेला, त्याची गचांडी धरून काय काय बोलला. सहादेव म्हणाला, यस सर. पुढं थोड्याच दिवसांत त्या सार्जंटला ब्रह्मदेशाकडं पाठवलं, आणि तो विषय तिथंच राहिला.

लालमहंमदचा उजवा डोळा त्याच दिवशी गेला. डाव्यानं काही महिने तग धरला, मग त्याच्यावरही अंधारी आली. पुण्यापर्यंत नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, मार आत बसलाय, फार मार खाल्लाय, आता इलाज नाही. वर्कशॉपातलं काम सुटलं. तो खाटा-बाजा विणायला शिकला, हातांनी चाचपून सुंभ ओढायचा, आणि मुबारकबी घरोघर बांगड्या भरायला जाऊ लागली. सहादेवानं त्या घराला अंतर दिलं नाही. सकाळी पहिलं दूध तिथं. दुपारी लालमहंमदचा हात खांद्यावर घेऊन त्याला माझ्या बाकावर आणायचा, चहा पाजायचा, परत पोचवायचा. अख्खं भिंगार म्हणायचं, दोस्त असावा तर असा. सहादेवालाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात तो पिक्चर आला.

कॅम्पाच्या थेटरात लागला होता, इंग्रजी, एका मोठ्या गोऱ्या बॉक्सरच्या आयुष्यावर. लहानपणी कोळशाच्या खाणीत राबला, पुढं जगात नाव काढलं, असा कोणी बिली म्हणून होता. आम्ही त्याला बिलीसाहेब म्हणायला लागलो. आमची सगळी टोळी दुपारच्या खेळाला पुढच्या बाकांवर. अलीम मध्ये बसून मोठ्यानं अर्थ सांगायचा आणि मागच्या खुर्च्यांवरचे शिपाई त्याला शिव्या द्यायचे. पण आम्ही काय गप्प बसणारे? पडद्यावरच्या नटानं पहिला ठोसा मारला तसा मी ओरडलो, "पाय बघा, पाय! बामनाच्या पंगतीत बसल्यावानी मांडलेत." एक जण म्हणाला, एवढा मार खाल्ला तरी ह्याचा भांग कसा मोडत नाही? पण उजव्या हाताचं काम खरं होतं हो, ते मान्य करायला पाहिजे. तो हात सुटला की सगळा बाक एकदम मागं व्हायचा.

मध्यंतराच्या पुढं बिलीसाहेबाची वाईट लढत येते. तो मार खातोय, खातोय, डोळे सुजलेत. कोपऱ्यात त्याचा थोरला भाऊ उभा, खांद्यावर टॉवेल. त्या भावाचं तोंड पडद्यावर एवढं मोठं झालं. डोळ्यांतून पाणी. आणि त्यानं टॉवेल आत फेकला. पंचानं लढत बंद केली.

"दंड!" माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.

"कसला दंड?" अलीम वळून म्हणाला. "हार कबूल केली त्यानं. आपला गडी मरायला लागला की कोपऱ्यातल्या मानसानं टॉवेल टाकायचा, म्हंजे लढत बंद. गडी सोता कधी न्हाई म्हननार न्हाई, म्हनून तर मानूस ठेवत्यात कोपऱ्यात. टॉवेल त्याच्यासाठीच असतोय. तुमाला ठाऊक न्हवतं?"

मी सहादेवाकडं बघितलं. तो माझ्या शेजारीच होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं आणि दोन्ही हात पोटाशी, धोतराच्या गाठीवर घट्ट धरलेले होते. मग तो उठला आणि लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर गेला. मी पिक्चर सोडून मागं गेलो. थेटराच्या भिंतीच्या सावलीत तो उकिडवा बसला होता, आणि रडत होता. सहादेवाला मी त्याच्या आईच्या मयतीला रडताना बघितलं होतं, तेवढंच.

"भिमाजी," तो म्हणाला, "सार्जंट मला हेच सांगत हुता. आन् म्या यस सर म्हनलं."

मी म्हणालो, "आरं, आपल्याला कुनालाच ठाऊक न्हवतं. मलातरी कुठं ठाऊक हुतं?"

"तू कोपऱ्यात न्हवतास." त्यानं उपरण्यानं नाक पुसलं. "एक डाव जरी म्हनलो असतो, साहेब, कळलं न्हाई, पुन्ना सांगा... त्यानं खुनेनं सांगितलं असतं. लाल्याला हाक मारून विचारता आलं असतं. म्या न्हाई विचारलं. लोकं बघत हुती ना! त्याचे डोळे माझ्या कमरेला बांधलेले हुते, भिमाजी, आन् म्या वरनं आनकी गाठ मारली."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसलो. मला त्याचा रागही येत होता आणि कीवही.

इकडं भिंगारात पिक्चरनं धुमाकूळ घातला. एकाच खेळावर कुणाचं भागेना. लोक पुन्हा पुन्हा जायचे, आणि टॉवेलची जागा आली की अख्खं थेटर ओरडायचं, "टाक! टाक टॉवेल!" बाकावर रोज भांडणं. अर्धे म्हणत, भावानं बरोबर केलं, जीव वाचवला. अर्धे म्हणत, छ्या, गडी उभा होता, भाऊच कच्चा निघाला. दोन्हीकडची माणसं शेवटी सहादेवाला विचारायची, कारण भिंगारात कोपऱ्यात उभा राहिलेला माणूस तोच. जो माणूस न बघितलेल्या राजूरचा रस्ता सांगायचा, तो आता मान खाली घालून बसायचा, नाहीतर म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणून उठून जायचा.

लालमहंमदच्या घरचं दूध तो पुतण्याच्या हाती पाठवू लागला. मी चिडलो. म्हणालो, "गाढवा, असं तोंड चुकवून किती दिवस काढशील? जा आन् सांगून टाक. त्यो काय तुला फाशी देनार हाय?" रोज त्याला तेच सुनवायचो. मशीन चालवता चालवतासुद्धा. माझं म्हणणं एवढंच, की सांगितलं म्हणजे मोकळा होशील.

एका दुपारी मी त्याला ओढतच घेऊन गेलो. लालमहंमद अंगणात बाज विणत होता. पावलांवरूनच त्यानं ओळखलं. "आला का रं सह्या? आजारी हुतास म्हनं." मुबारकबीनं चहा दिला. दिला तो दिला, वर म्हणाली, "सहादेवभाई, तुमी आला न्हाईत तर ह्यांला जेवन गोड लागत न्हाई. तुमी हाये म्हनून ह्यो मानूस जगला. सख्खा भाऊ एवढं करनार न्हाई." मी सहादेवाला कोपरानं ढोसलं. त्यानं बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी म्हणाला, "भाबी, चहात साखर लई बरुबर पडली." बाहेर आल्यावर मी त्याला जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही.

पण त्याच भेटीत लालमहंमदनं दुसरा घोर लावला होता. "सह्या, मला त्यो पिक्चर दाखव. समदं गाव बघून आलं. तू कानात सांगत जा, म्या ऐकतो." सहादेव म्हणाला, गर्दी लई असती. मग म्हणाला, उकडतंय लई. मग म्हणाला, म्हैस व्यायला झालीय. लालमहंमद सगळ्याला हो म्हणाला आणि पिक्चरचा शेवटचा दिवस आला तसा त्यानं निरोप धाडला की सह्या येत नसला तर मी भिमाजीबरोबर जातो.

सहादेव सकाळीच माझ्याकडं आला. रात्रभर झोपला नसावा. "म्या नेतो त्याला," तो म्हणाला. "लोकं तिथं ओरडतील, टाक टाक म्हनून. त्यो विचारील, काय टाक? कुनी दुसऱ्यानं सांगायच्या आत म्या सांगीन. तितंच, त्या जागेवर. म्हनीन, लाल्या, मला ठाऊक न्हवतं. टॉवेल कशाला असतोय ते मला ठाऊक न्हवतं आन् म्या विचारलं न्हाई."

मी मशीनवरून हात काढला. म्हणालो, "शाब्बास. म्या बसतो शेजारी."

थेटर खच्चून भरलेलं. लोकांनी लालमहंमदला बघून वाट करून दिली, मधला बाक रिकामा केला. मध्ये लालमहंमद, एका बाजूला सहादेव, दुसऱ्या बाजूला मी. अलीम त्या दिवशी मुद्दाम गप्प बसला. सहादेव त्याच्या कानाशी लागून सांगायला लागला, आणि काय सुंदर सांगत होता म्हणून सांगू! खाण, कोळसा, आईनं दिलेली भाकरी, पहिला ठोसा. लालमहंमदचे खांदे ठोशाबरोबर हलत होते. "डावा घातला का? मंग खाली वाकला आसंल." आणि पडद्यावर बिलीसाहेब खरंच वाकायचा. लालमहंमद हसत होता. इतक्या दिवसांत मी त्याला तसं हसताना बघितलं नव्हतं, आणि मला वाटलं, देवा, ती जागा आज येऊच नये.

पण ती आली. बिलीसाहेब मार खायला लागला. सहादेवाचा आवाज बारीक होत गेला. "डोळा सुजलाय त्याचा... पाय लटपटत्यात... भाऊ कोपऱ्यात हाय." थेटर ओरडायला लागलं, "टाक! टाक टॉवेल!" सहादेवानं लालमहंमदचा हात दोन्ही हातांत धरला. मी अंधारातही बघत होतो, त्याचे ओठ हलत होते. "लाल्या," तो म्हणाला, "टॉवेल हाय ना... त्यो टॉवेल..."

लालमहंमद ताडकन उठून उभा राहिला.

"आरं गप बसा!" तो आमच्या लोकांवर गरजला. तालमीतला आवाज, थेटर एका क्षणात चिडीचूप. "टाक टाक काय लावलंय? टॉवेल टाकनारा मानूस कच्चा. त्याचा त्याच्या गड्यावर भरवसा न्हाई. माझ्या कोपऱ्यात ह्यो सहादेव हुता! सार्जंटनं आमाला आधीच सांगितलं हुतं, लई मार बसला की टॉवेल पडंल, लढत बंद. आन् मला मार बसला. गुडघे गेल्ते माझे. म्या कोपऱ्याकडं बघितलं, म्हनलं, सह्या, टाक आता, म्या खाली बसतो. सार्जंट बोंबलत हुता, टाक म्हनून. आन् ह्या वाघानं काय केलं? टॉवेल कमरेला बांधला, वर गाठ मारली! म्या मनात म्हनलं, लाल्या, ह्याला अजून वाटतंय तू उभा ऱ्हाशील. म्हनून ऱ्हायलो उभा. डोळे गेले तर गेले. पन जलमात एक डाव कुनाचातरी माझ्यावर एवढा भरवसा हुता, ते म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय."

थेटर पेटलं. शिट्ट्या, टाळ्या, "सहादेव! सहादेव!" मागच्या गोऱ्यांना काही कळेना, ते शिव्या देऊ लागले. कुणी बाकावरून वाकून सहादेवाची पाठ थोपटली, कुणी त्याच्या पाया पडला. सहादेव बसल्या जागी बसून होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. इतके दिवस मी त्याच्या मागं लागलो होतो, सांग, सांग, सांगून मोकळा हो. आता मीच मान हलवली, नाही म्हणून. एकदा हलवली, मग परत हलवली. सांगून हा मोकळा झाला असता, पण त्या आंधळ्या माणसाकडं मग काय उरलं असतं?

लालमहंमद धापा टाकत खाली बसला. "पुढं काय झालं रं? सांग की." आणि सहादेव सांगायला लागला. सांगत राहिला, शेवटपर्यंत, बिलीसाहेब पुन्हा जिंकला तिथपर्यंत.

बाहेर ऊन कलतं झालं होतं. लालमहंमदचा हात सहादेवाच्या खांद्यावर, मी बरोबर. रस्त्यात जो तो थांबून सहादेवाला रामराम करत होता. वेशीपाशी आल्यावर लालमहंमद म्हणाला, "सह्या, मगा तू काय सांगत हुतास? टॉवेलाचं काय तरी म्हनत हुतास बघ, मी उठायच्या आधी."

सहादेव चालता चालता थांबला. मला त्याच्या तोंडाकडं बघवेना म्हणून मी रस्त्याकडं बघू लागलो.

"काय न्हाई रं," तो म्हणाला. "म्हनत हुतो, टाकायला नको हुता त्यानं."

"बघ भिमाजी!" लालमहंमदनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. "म्हनलं न्हवतं मी?"

"व्हय," मी म्हणालो.